बारीक आवाजाचे पक्षी

गुरुदास गवसने मला पहिल्याच रविवारी बाराच्या भावात काढलं. नार्व्याच्या फेरीधक्क्यापासून थोडं पुढे, बांधावर आम्ही अकरा जण दुर्बिणी डोळ्यांना लावून उभे होतो. समोरच्या चिखलात पाच-सहा पक्षी धावत होते. सगळे चिखलाच्याच रंगाचे, सगळ्यांची चोच लांब, आणि पुस्तकात त्या तोंडवळ्याची दोन पानं भरून चित्रं. मी चष्मा कपाळावर चढवून, दुर्बीण खाली करून, पान उलटून, पुन्हा चष्मा उतरवून बघेपर्यंत ते उडून जायचे. छत्तीस वर्षं डिचोलीच्या मराठी शाळेत मुलांना 'नीट बघा, मग बोला' म्हणून दटावलेला मी माणूस, आणि मला एक पक्षी धड बघता येईना.

शेजारी उभा असलेला काळासावळा, जाड मनगटांचा गृहस्थ दुर्बिणीशिवाय म्हणाला, "पयलो तो शेपटी हलयता तो येगळो, मास्तरानु. मागचे तीन एका जातीचे. चलणुक बघा."

मी म्हटलं, "तुम्हाला नाव माहीत आहे का त्याचं?"

"नाव तुमी पुस्तकात बघा. येगळो आसा येवढा माका दिसता."

तोच गुरुदास. दोडामार्गच्या बाजूचा. एकोणिसाव्या वर्षी क्लीनर म्हणून डिचोलीला आला, तिसाव्या वर्षापर्यंत ड्रायव्हर झाला आणि पुढची कितीतरी वर्षं खाणीवरचं खनिज टिपरमधून आमोण्याच्या जेटीवर नेऊन ओतत राहिला. दूरवरून धुरळ्यात येणारा टिपर कोण चालवतोय, हे तो गाडीच्या नुसत्या कलण्यावरून सांगायचा, असं त्याचे सोबती अजून सांगतात. खाणी बंद झाल्यावर टिपर गेले. मग गुरुदासने कधी वाळूची गाडी चालवली, कधी शाळेची बस, कधी कुणाच्या लग्नाची वरात. एका संस्थेने पक्षी दाखवणारे गाइड तयार करायला दहा महिन्यांचा वर्ग काढला, दर रविवारी सकाळी, तेव्हा सगळ्यात आधी नाव घातलं ते त्याने. पास होतील त्यांना प्रमाणपत्र आणि पुढच्या मोसमापासून काम, असं ठरलं होतं. तो एक्कावन्न वर्षांचा होता.

मी का गेलो होतो? डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून. हे आताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी लाज हीच आहे.

"आजपर्यंत लोकांचो माल ओढलंय," तो मला एकदा चहा पिताना म्हणाला. "आता माझ्या तोंडान कायतरी सांगूचा आसा. लोक ऐकतीत, मी सांगतलंय. येकदा तरी."

थंडीचे चार महिने त्याचे होते. मी नावं पाठ करायचो, तो पक्षी बघायचा. आम्हाला शिकवणारी तनया, जेमतेम सव्वीस वर्षांची, जीवशास्त्र शिकलेली मुलगी. ती विचारायची, "काका, हा कोण?" आणि गुरुदास धोबी, तुतवार, शेकाट्या अशी नावं सांगत सुटायचा. नावं त्याला माझ्याकडून मिळायची, फेरीतून येता-जाता मी ती घोकून घ्यायचो त्याच्याकडून. त्याबदल्यात तो मला कुठे बघायचं ते दाखवायचा. तेसुद्धा सरळ बोट दाखवून नाही. घरट्याकडे बोट केलं की अंडी नासतात, असं त्याच्या आईने डोक्यात भरवलेलं. मग काय, "त्या माडाच्या उजव्या अंगाक, दुसऱ्या झावळाच्या मुळात, खाली, नाय, खाली मा!" मी चिडायचो, तो चिडायचा, तोवर पक्षी आपली अंडी घेऊन निवांत. एकदा मी रागाने त्याचं मनगट धरून बोट वळवायला गेलो तर त्याने मूठ घट्ट मिटून घेतली, लहान मुलासारखी.

एप्रिलमध्ये त्याने जो घोटाळा घातला तो डिचोलीबाहेरचा माणूस घालूच शकला नसता.

सकाळी आठ वाजता त्याचा फोन. आवाजाला घाई. "मास्तरानु, खाण सुरू झाली!"

"कुणी सांगितलं?"

"कोणी सांगूक कित्याक होया? बगळे तांबडे झाले आसत. साळच्या रस्त्यार म्हशींबरोबर वीस-पंचवीस. डोक्यापासून मानेपर्यंत तांबडे. कोणीतरी गुपचूप माल काढता."

एके काळी आमच्याकडे रस्त्याकडेचं सगळंच तांबडं असायचं. झाडं, कौलं, वाळत घातलेले कपडे, देवळाच्या पायऱ्या, आणि बगळेसुद्धा. बगळा पांढरा असतो हे त्या काळच्या आमच्या शाळेतल्या मुलांना चित्रातच बघायला मिळायचं. तेव्हा गुरुदासला बगळ्याच्या अंगावर रंग दिसला आणि खाणीचा धुरळा आठवला, यात नवल ते काय? पण त्याने माझ्याआधी तीन जुन्या ड्रायव्हरांना फोन केले होते. दुपारपर्यंत ती बातमी बाजारात पोचली. दोन जण तर सकाळीच मोटारसायकल काढून खाणीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. फाटकाला कुलूप, कुलपावर गंज.

रविवारी तनयाने समजावलं. गाय बगळ्याला विणीच्या दिवसांत डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी पिसं येतात. पावसाळा सरला की जातात. दर वर्षी.

"दर वर्षी?" गुरुदासने विचारलं.

"दर वर्षी, काका."

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. तो नाही हसला. "इतकी वर्सां त्याच रस्त्यान गेलंय," तो म्हणाला, "आणि माका वाटलेला धुरळो." त्या ड्रायव्हरांपैकी एकाने त्याच्याशी बोलणंच टाकलं. माणसाला खोटी आशा दाखवली की राग येणारच, पण ती आशा गुरुदासलाही तितकीच खोटी मिळाली होती, हे कुणी बघितलं नाही. मीही नाही.

जून-जुलैत आम्ही हळर्णला जायला लागलो, किल्ल्याच्या अलीकडे जे दाट रान आहे तिथे. आता पानं इतकी माजलेली की दोन हातांवरचा पक्षी दिसायचा नाही. तनया म्हणाली, आता डोळे मिटा, आता कान. नियम असा होता की जागेवर तीन मिनिटं गप्प उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. शेवटच्या परीक्षेत अशा दहा जागा असणार होत्या.

त्यासाठी तिने आम्हाला फोनवर आवाज पाठवले होते. चाळीस पक्ष्यांचे. गुरुदासने ते घरी फोन कानाला लावून, आवाज पूर्ण मोठा करून, महिनाभर ऐकले होते. शिंजीर, फुलटोच्या, चष्मेवाला, निखार, सुभग, सगळे त्याला मुखोद्गत. फोन वाजला की नाव तयार. मला हेवा वाटायचा.

आणि रानात त्याची वही कोरी.

"काका, लिहिलं नाहीत काही?" तनया विचारायची.

"कोण बोललोच नाय तर काय लिवू?"

"अहो, आत्ता बोलत होता ना, त्या जांभळीवर!"

"खंय?" तो मान वर करून बघत राहायचा. मग चिडायचा. तिसऱ्या रविवारी तो तिच्यावर उखडलाच. "बाये, तू आमका फोनातले दिलंस ते पक्षी हय नायतच. ते खंयच्या मुंबय-पुण्याचे रेकॉर्ड करून दिलंस. हय आसत ते कावळे, भारद्वाज, कुटुरगे. ते मी लिवतंय मा?" ती मुलगी बिचारी लाल झाली. वर्गात कुजबुज सुरू झाली की गवसाने हाय खाल्ली, आता कारणं सांगतो. मलाही तसंच वाटलं. मी त्याला परतीच्या वाटेवर चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, लक्ष नसतं तुमचं, त्या पोरीवर कशाला ओरडता? तो म्हणाला, "तुमचा लक्ष आसा तर तुमी ऐका." आणि पुढे निघून गेला.

त्या संध्याकाळी चुकून त्याची वही माझ्या पिशवीत आली. मी दोन्ही वह्या टेबलावर उघड्या ठेवल्या, मास्तरकीची खोड. त्याच्या वहीत तीन रविवारचे पक्षी: भारद्वाज, कवडा, कुटुरगा, धनेश, मोर, कावळा. पुन्हा भारद्वाज, पुन्हा कवडा. एकही चूक नव्हती. आणि माझ्या वहीत तेवढे होतेच, शिवाय बारा-पंधरा आणखी. मी ते आणखीचे मोठ्याने वाचले. शिंजीर. फुलटोच्या. चष्मेवाला. निखार. सगळे बारीक आवाजाचे. गुरुदासला जाड आवाजाचे तेवढे ऐकू येत होते.

इतकी वर्षं इंजिनाच्या डोक्यावर बसलेला माणूस. क्रशरखाली गाडी लावून तासन्‌तास रांगेत थांबलेला. आणि मी, शहाणा, त्याला लक्ष नाही म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं. नीट सांगायला हवं होतं. मी आपला फळ्यावर गणित सोडवल्यासारखं सांगत सुटलो. त्याने ऐकून घेतलं-न घेतलं आणि तो उठला.

"तुमी माका बहिरो म्हणतास? पाववाल्या पोदेराचो भोंपू वरच्या वाड्यार आसतानाच माका ऐकाक येता. तुमी आता बोलतास ता ऐकाक येता. तुमी पास होतलास म्हणान तुमका मस्ती इली." आणि मला चहाही न देता त्याने दाराबाहेर काढलं. त्याच्या बायकोने, सुलोचनाने, उंबऱ्यापाशी नुसती माझ्याकडे बघून मान हलवली.

तीन आठवडे तो वर्गाला आला नाही. मला राग होता, आणि रागाखाली भीती होती की तो आता कधीच येणार नाही. चौथ्या सोमवारी तो माझ्याकडे आला. हातात इस्पितळातला कागद. त्यावर कानाचा आलेख. डावीकडे रेघ सरळ, मग घाट उतरावा तशी खाली.

"हयपर्यंत रस्तो बरो आसा," तो त्या कागदावर नख टेकवून म्हणाला. "फुडे नाय."

कानाला लावायचं यंत्र त्याने घेऊन बघितलं होतं. त्यातून पानांवरचं पाणी आणि रातकिडे असे कोसळायचे की डोकं उठायचं, आणि पक्षी त्यात कुठल्या कुठे. मग त्याने जे सांगितलं ते मी तसंच सांगतो. माझ्याकडे यायच्या आधी, त्याच सकाळी, तो सुलोचनाला घेऊन पायरीवर बसला होता.

"आमच्या परड्यात बारके पक्षी आसत?" त्याने विचारलं.

"आसत म्हणजे? जासवंदीर सकाळपासून चिवचिव करून कान खातत."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे काय? आदीपासूनच."

"मगे माका कधी सांगलंस नाय?"

"तुमी विचारलास खंय? तुमीच सगळ्यांका सांगीत फिरी होतास, धुरळ्यान पक्षी गेले, परडा मुको झालो म्हणान. माका वाटला तुमका मोठ्या पक्ष्यांचा म्हणूचा आसा."

"मास्तरानु," गुरुदास मला म्हणाला, "पक्षी खंयच गेले नाय होते." मी आत जाऊन चहा टाकला. चहाच्या पातेल्यासमोर उभा राहून मी रडलो, हे त्याला अजून माहीत नाही.

परीक्षा सप्टेंबरात. तीच हळर्णची जागा, आणि रान तसंच दाट. मी त्याला एक तोड सुचवली. क्लीनर लोक टिपरच्या फाळक्यावर थाप मारून ड्रायव्हरला सांगतात, एक थाप थांब, दोन थापा चल. तसं मी शेजारी उभा राहून छत्रीच्या दांड्यावर बोटं मारीन. एक म्हणजे शिंजीर, दोन म्हणजे फुलटोच्या, तीन म्हणजे चष्मेवाला. हे सांगताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

"क्लीनर मी होतंय, ओगणीस वर्सांचो," तो म्हणाला. "माका क्लीनर नको." आणि विषय संपला.

त्या दिवशी परीक्षा घ्यायला बाहेरून एक गृहस्थ आले होते. अंगावर हिरवा रेनकोट, गळ्यात दुर्बिणी-कॅमेऱ्यांचे तीन पट्टे. दहा जागा झाल्या. मी नेहमीसारखा खरडत सुटलो. मधूनमधून गुरुदासकडे बघायचो. तो कानाने नाही, डोळ्यांनी काम करत होता. झाडाच्या शेंड्याकडे बघायचा, फुलांकडे बघायचा, खाली पडलेली बी उचलून बघायचा, मग लिहायचा. संपल्यावर मी त्याचा कागद पाहिला. प्रत्येक जागी जाड आवाजाचे पक्षी बरोबर होते. आणि त्याखाली त्याच्या वळणदार अक्षरात: 'फुलटोच्या आहे. मला ऐकू आला नाही. आंब्यावरच्या बांडगुळाला फळं धरली आहेत.' पुढच्या जागी: 'शिंजीर आहे. ऐकू आला नाही. पांगाऱ्याच्या फांदीला लोंबतं घरटं आहे.' असं दहाही जागी.

मी ताडून पाहिलं. बारीक आवाजाचे जितके मी ऐकले होते, त्यातले दोन-तीन सोडून सगळे त्याच्या कागदावर होते. एक तर असा होता जो मी ऐकूनही ओळखला नव्हता.

रेनकोटवाल्यांनी त्या सगळ्या ओळींवर लाल रेघ मारली. तनया भांडली, खरंच भांडली. तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, परीक्षा श्रवणाची आहे, आणि स्वतःच लिहून दिलंय की ऐकू आलं नाही. उद्या पाहुणे घेऊन रानात गेले आणि मागून गवा आला तर?

मी म्हणालो, गवा फुलटोच्याच्या आवाजात येत नाही.

कुणी हसलं नाही. निकाल लागला. मी पास, गुरुदास नापास. मला एक बिल्ला मिळाला, हिरवा, त्यावर धनेशाचं चित्र. तो बिल्ला मी परत करायला हवा होता. मी केला नाही. घरी बायकोला दाखवला, नातवंडांना फोटो पाठवला, आणि मग रात्रभर झोप आली नाही म्हणून स्वतःवरच चरफडलो. संस्थेला जीप चालवायला माणूस हवा होता. त्यांनी गुरुदासला विचारलं. सुलोचना नको म्हणत होती. तो हो म्हणाला.

डिसेंबरात पहिली फेरी निघाली. पुण्याहून आलेले सहा पाहुणे मागे, मी त्यांच्याबरोबर बिल्ला लावून, आणि पुढे एकटा गुरुदास. हळर्णच्या रानात शिरलो की तो न सांगता इंजिन बंद करायचा, जीप उतारावर आपोआप सरकू द्यायचा आणि सावलीत थांबवायचा. मग मी हात वर करायचो, सगळे गप्प व्हायचे, आणि वर पानांत कुणीतरी बोलायचं. "नीलिमा," मी हळूच म्हणायचो. "शिंजीर." पाहुण्यांचे चेहरे उजळायचे. मी ज्या फांदीकडे बोट करायचो तिथे बहुतेक वेळा पक्षी नसायचा, पण आवाज असायचा, तेवढ्यावर ते खूश.

एक बाई पुढे वाकून म्हणाल्या, "दादा, तुम्ही रोज येता रानात, तुम्हालाही येत असतील ना ओळखता?"

"नाय," गुरुदास म्हणाला. "मी ड्रायव्हर."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी सांगायला हवं होतं, की या वर्गात डोळे होते ते यांचेच, की मला पक्षी बघायला यांनी शिकवलं. मी म्हणालो, "पुढची जागा छान आहे, चला."

पाहुण्यांना त्यांच्या राहत्या जागी सोडून आम्ही दोघेच डिचोलीकडे परत निघालो. असनोडा मागे पडला. मग रस्त्यावरची नजर न काढता त्याने विचारलं, "आज बारके कोण बोलले?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दिवसभराचा थकवा होता, आणि त्या बाईचा प्रश्न अजून डोक्यात होता. म्हटलं, "नाही फारसं कुणी. आज रान गप्पच होतं."

त्याने गाडीचा वेग कमी केला.

"खोटा बोला नको, मास्तरानु. सात वेळा बोलले. मी आरशातसून तुमची तोंडा बघी होतंय."

मी वही उघडली नाही. सातच होते.